अ‍ॅपेटाइटमधले फिशन ट्रॅक: सॉफ्टवेअरची मोजणी डोळ्यांच्या मोजणीशी जुळत नसेल तर

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: विरळ ट्रॅक असलेल्या कणांत सॉफ्टवेअर जास्त मोजते, दाट कणांत कमी मोजते, आणि सगळ्या कणांची सरासरी काढली की आकडा बरा दिसतो. मग थ्रेशोल्ड (किती काळा ठिपका ट्रॅक धरायचा ती मर्यादा) थोडा इकडे-तिकडे सरकवला जातो. तो नमुना जुळतो आणि पुढच्या नमुन्यात तेच पुन्हा सुरू होते. थ्रेशोल्ड बदलून हे सुटत नाही, कारण जास्त मोजणी आणि कमी मोजणी यांची कारणे वेगवेगळी आहेत. एकाच बटणाने दोन्ही दुरुस्त करायला गेलात तर एक सुधारते तेव्हा दुसरे बिघडते.

नव्याने या कामात आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. अ‍ॅपेटाइट या खनिजात थोडे युरेनियम असते. युरेनियम-२३८चे बहुतेक अणू अल्फा क्षयाने संपतात, पण साधारण १८ लाखांत एक अणू आपोआप दुभंगतो. त्याचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना सुटतात आणि स्फटिकाची रचना मोडत जातात. ही मोडलेली वाट म्हणजेच फिशन ट्रॅक; ती जेमतेम काही नॅनोमीटर रुंद असते. सिल्क आणि बार्न्स यांनी १९५९मध्ये अभ्रकात ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली. पुढे काही वर्षांतच प्राइस आणि वॉकर यांनी दाखवून दिले की योग्य आम्ल लावले तर ते या वाटेत आधी शिरते, वाट रुंद होते आणि साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसते. अ‍ॅपेटाइटमध्ये ताज्या ट्रॅकची एच केलेली, म्हणजे आम्लाने उघडलेली, लांबी सुमारे १६ मायक्रॉन भरते. ठरावीक क्षेत्रात किती ट्रॅक आहेत आणि युरेनियम किती आहे यावरून वय निघते. म्हणजे मोजणी १५ टक्के चुकली की वयही जवळपास तेवढेच चुकते. ६ कोटी वर्षांचे ६ कोटी ९० लाख होते.

पहिली चाचणी: सरासरी बाजूला ठेवा, आलेख काढा

वेगवेगळ्या घनतेचे पंधरा-वीस कण निवडा. प्रत्येक कणावर एकच चौकट आखा आणि ती साठवून ठेवा. त्याच प्रतिमेत, त्याच चौकटीत डोळ्यांनी मोजा आणि सॉफ्टवेअरनेही मोजा. आडव्या अक्षावर डोळ्यांची घनता घ्या, उभ्यावर सॉफ्टवेअरची.

बिंदूंची रेषा शून्यातून न जाता वरून सुरू होत असेल, तर प्रत्येक चौकटीत काही खोटे ट्रॅक जमा होत आहेत. ते कणात ट्रॅक किती आहेत याकडे बघत नाहीत, क्षेत्रफळाप्रमाणे येतात. वरच्या टोकाला रेषा खाली वाकत असेल, तर ट्रॅक एकमेकांवर चढून दोनाचा एक होत आहे. रेषा सरळ आहे, शून्यातून जाते, पण चढ एकापेक्षा कमी किंवा जास्त आहे, तर क्षेत्रफळाचे मोजमाप, एचिंग किंवा सरसकट कडक-सैल निकष तपासा. रेषाच दिसत नाही, बिंदू विखुरलेले आहेत, तर फोकस आणि प्रकाशाकडे चला.

इथे एक गैरसमज फार आढळतो. "२५ ट्रॅक मोजले, म्हणजे ५ची अनिश्चितता आलीच, मग २५ आणि ३० यांत फरक काय?" असे म्हणून विषय सोडून दिला जातो. पॉइसाँची ही अनिश्चितता (मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ) निसर्गाने त्या चौकटीत किती ट्रॅक टाकले याची आहे. दोन्ही मोजण्या त्याच ट्रॅकच्या आहेत, तेव्हा त्यांच्यातल्या फरकाला ती लागू होत नाही. ५चा फरक म्हणजे ५ ठिकाणी कोणीतरी चुकले आहे, आणि ती ठिकाणे बोट ठेवून दाखवता येतात. ती दाखवाच. एकूण आकडा जुळला तरी समाधान मानू नका: ६ खोटे धरले आणि ६ खरे सुटले तरी बेरीज तीच येते. एकेका खुणेची जोडी लावून खोटे किती आणि सुटलेले किती हे वेगळे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

हा फरक झीटात विरघळत नाही

"आम्ही झीटा काढतोच, त्यात सगळे सामावते" हे उत्तर हमखास मिळते. हर्फर्ड आणि ग्रीन यांनी १९८३मध्ये मांडलेल्या झीटा पद्धतीचे बळ खरेच मोठे आहे. वय माहीत असलेला नमुना स्वतः मोजायचा आणि त्यातून आपला गुणक काढायचा. मोजणारा नेहमीच १० टक्के कमी मोजत असेल, तर ती सवय गुणकात शिरते आणि अज्ञात नमुन्याच्या वयातून निघून जाते. पण हे फक्त चढाच्या चुकीला लागू आहे. घनतेनुसार बदलणारी चूक गुणकात मावत नाही.

उदाहरण घ्या. ५० बाय ५० मायक्रॉनच्या चौकटीत धूळ आणि ओरखडे मिळून सरासरी २ खोटे ट्रॅक येतात असे धरू. मेक्सिकोतल्या दुरांगोचे अ‍ॅपेटाइट, वय सुमारे ३ कोटी १४ लाख वर्षे, आपण सगळे प्रमाण म्हणून वापरतो. त्यात ट्रॅक विरळ असतात. घनता प्रति चौरस सेंटिमीटर २ लाख धरली तर या चौकटीत ५ ट्रॅक यायला हवेत, सॉफ्टवेअर ७ सांगते. चूक ४० टक्के. आता २० लाख घनतेचा नमुना घ्या: ५० ऐवजी ५२, चूक ४ टक्के. दुरांगोवरून काढलेला गुणक ४० टक्क्यांची फुगवटी पोटात घेऊन लहान झालेला असतो, आणि तोच दाट नमुन्याला लावला की त्याचे वय विनाकारण कोवळे निघते. वर दाट नमुन्यात ट्रॅक एकमेकांवर चढून सुटत असतील तर ते आणखी कोवळे होते. प्रमाण नमुना बरोबर आला म्हणून मोजणी बरोबर, हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे. कोलोरॅडोचा फिश कॅन्यन टफ हा ज्वालामुखी राखेचा खडक सोबत घेतला तरी दोन्ही प्रमाण विरळ बाजूलाच पडतात. दाट बाजूची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

एकाच नमुन्याच्या आतही हेच घडते. युरेनियम जास्त असलेले कण दाट, म्हणून कोवळे दिसतात. युरेनियम कमी असलेले विरळ, म्हणून जुने दिसतात. काय-वर्ग चाचणी (सगळे कण एकाच वयाचे आहेत का हे तपासणारी) नापास होते आणि कणांचे दोन गट असल्याची गोष्ट रचली जाते. प्रकरण आणखी नाजूक अशासाठी की वय आणि युरेनियम यांचा असा उलटा संबंध निसर्गातही असू शकतो, असे काही संशोधकांनी मांडले आहे. हेंड्रिक्स आणि रेडफील्ड यांनी २००५मध्ये फेनोस्कँडियाच्या जुन्या खडकांवरून म्हटले की किरणोत्सारी इजेमुळे ट्रॅक लवकर भरून येत असावेत. त्यावर बराच वाद झाला. तुमच्या आलेखात असा कल दिसला तर त्याचा अर्थ लावण्याआधी मोजणीची रेषा शून्यातून जाते का हे दाखवता आले पाहिजे.

सह्याद्रीच्या पश्चिम उताराची झीज कधी आणि किती झाली हे वाचायलाही अ‍ॅपेटाइटचे ट्रॅक वापरले गेले आहेत. गनेल आणि सहकाऱ्यांचे २००३चे काम त्यातले महत्त्वाचे. बेसाल्टमध्ये मोजण्याजोगे अ‍ॅपेटाइट सहसा मिळत नाही, म्हणून असा अभ्यास दक्षिणेकडच्या ग्रॅनाइट-नाइसवर उभा राहतो. किनारा आणि पठार यांच्या वयांची तुलना करायची आणि एका बाजूचे खडक युरेनियमने श्रीमंत असायचे, अशा वेळी ही चूक थेट भूरूपाच्या इतिहासात घुसते.

खोटे ट्रॅक कुठून येतात

सर्वांत चांगला पुरावा एचिंगच्या आधीच घ्यायचा असतो, आणि नेमका तोच कोणी घेत नाही. पॉलिश झालेल्या, आम्ल न लागलेल्या पृष्ठभागाचे परावर्तित, म्हणजे वरून पडून परत आलेल्या, प्रकाशातले फोटो काढून ठेवा. त्यात जे काळे ठिपके आहेत ते ट्रॅक असूच शकत नाहीत. तोच फोटो सॉफ्टवेअरला द्या. शून्य यायला हवे. जे येईल तो तुमच्या आलेखातल्या फुगवटीचा पॉलिश आणि धूळ यांच्याकडून आलेला भाग.

पॉलिश अपुरे असेल तर बारीक ओरखडे आधी दिसत नाहीत, पण आम्ल त्यांच्यात शिरते आणि एचिंगनंतर ते मण्यांच्या माळेसारखे उमटतात. प्रत्येक मणी एक ट्रॅक म्हणून मोजला जातो. त्यावर प्रतिमेत उपाय शोधू नका. माउंट (इपॉक्सीत बसवलेले कण) पुन्हा पॉलिश करा. १ मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टवर थांबला असाल तर त्याखालची एक पायरी घ्या.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ ओळखणे सोपे आहे. सगळ्या कणांच्या प्रतिमा एकावर एक ठेवून सरासरी काढा. खरे ट्रॅक पुसट होऊन जातात, सेन्सरची धूळ त्याच पिक्सेलवर ठाम राहते.

अ‍ॅपेटाइटने स्वतःच दिलेली एक खूण मात्र पुरेपूर वापरायला हवी. क-अक्षाला, म्हणजे स्फटिकाच्या लांब अक्षाला, समांतर कापलेल्या पृष्ठभागावर सगळ्या ट्रॅकची तोंडे, म्हणजे आम्लाने उघडलेले लांबट खड्डे, एकाच दिशेला असतात. ट्रॅक आत कुठल्याही कोनात गेलेला असो, तोंड क-अक्षाच्या दिशेनेच लांबते. सेगमेंटेशननंतर, म्हणजे प्रतिमेतून खड्डे वेगळे काढल्यावर, प्रत्येक खड्ड्याची दिशा काढा (इमेजजे किंवा फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये लंबवर्तुळ बसवले की ती मिळते) आणि मुख्य दिशेपासून फटकून असलेले वेगळे काढून पाहा. धूळ आणि ओरखड्यांचे तुकडे इथे पकडले जातात. कणातल्या सगळ्याच तोंडांना ठाम दिशा नसेल तर तो कण क-अक्षाला समांतर कापलेला नाही. त्यात मोजूच नका.

द्रव किंवा खनिजांचे आत अडकलेले कण पारगत, म्हणजे खालून आरपार येणाऱ्या, प्रकाशात हुबेहूब ट्रॅकसारखे दिसतात, पण परावर्तित प्रकाशात दिसत नाहीत, कारण ते पृष्ठभागाला छेदत नाहीत. धुळीचे उलटे: वरून दिसते, खाली शेपूट, म्हणजे आत गेलेली ट्रॅकची वाट, नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या ग्लेडो आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये मांडलेली कोइन्सिडन्स मॅपिंगची पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे. दोन्ही प्रकाशांतल्या प्रतिमा वेगवेगळ्या सेगमेंट करायच्या आणि दोन्हींत असेल तेवढेच धरायचे. स्फटिकातले दोष, डिसलोकेशन, या चाळणीतूनही सुटतात. त्यांनाही तोंड असते आणि शेपूटही. ते बहुधा झुबक्यांत किंवा ओळींत असतात आणि त्यांची शेपटे ट्रॅकपेक्षा लांब, कधी वाकडी असतात. एवढ्यावरून माणसालाच निर्णय घ्यावा लागतो. असा भाग चौकटीत घेऊच नये हे उत्तम.

दोन प्रतिमा एकमेकींवर बसतात का

कोइन्सिडन्स वापरूनही खरे ट्रॅक सुटत असतील तर आधी हे पाहा. प्रकाश बदलताना आरसा किंवा फिल्टरचा ठोकळा हलतो आणि प्रतिमा किंचित सरकते. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आणि ऑब्जेक्टिव्ह १००पट असेल तर प्रतिमेतला एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.०३५ मायक्रॉन. अर्धा मायक्रॉन सरकणे म्हणजे १४ पिक्सेल. ट्रॅकचे तोंड रुंदीला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे ते शेजाऱ्याच्या जागी जाऊन बसते. ठळक पाच-सहा तोंडे धरून दोन्ही प्रतिमा जुळवून घ्या. सरकणे प्रत्येक कणात सारखेच निघाले तर ते एकदाच मोजून सगळ्यांना लावता येते.

परावर्तित प्रकाश का दगा देतो

अ‍ॅपेटाइटचा अपवर्तनांक १.६३च्या आसपास. त्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम ६ टक्के प्रकाश परत येतो. बाकीचा आत जातो, इपॉक्सीवरून, काचेच्या तळावरून परततो आणि प्रतिमेवर पांढुरके धुके पसरवतो. तोंडांचा काळेपणा त्यात हरवतो. पृष्ठभागावर सोन्याचा अगदी पातळ थर दिला तर परावर्तन एकदम वाढते आणि सेगमेंटेशन सोपे होते. अर्थात पारगत प्रकाशाचे फोटो आणि लेसरने युरेनियम मोजण्याचा क्रम आधी ठरवून मगच हे करायचे. थर द्यायचा नसेल तर परावर्तित प्रकाशाचा अ‍ॅपर्चर डायफ्राम थोडा बंद करा. फार बंद केलात तर बारीक तोंडेच नाहीशी होतात.

कडेला मोजणी कमी आणि मध्ये जास्त येत असेल तर प्रकाश असमान आहे. तोच कण मध्यात आणि मग कोपऱ्यात नेऊन दोनदा मोजा, लगेच कळते. रिकाम्या पृष्ठभागाची प्रतिमा घेऊन तिने भागा, किंवा थ्रेशोल्ड स्थानिक ठेवा. कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर बंद असले पाहिजे. प्रतिमा टिफमध्ये साठवा, जेपेग नको.

फोकस

न्यूमरिकल अ‍ॅपर्चर ०.९ असलेल्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली पाऊण मायक्रॉनहूनही कमी असते. माउंट फक्त १ अंश कलला तर १०० मायक्रॉन अंतरावर उंची पावणेदोन मायक्रॉनने बदलते. म्हणजे एका टोकाची तोंडे स्पष्ट, दुसऱ्या टोकाची विरघळलेली. विखुरलेल्या बिंदूंचे कारण इथे फार वेळा सापडते. स्टेजवर माउंट समतल करून घ्या. ते जमत नसेल तर पाव मायक्रॉनच्या पायऱ्यांनी झेड-स्टॅक (वेगवेगळ्या उंचीवरच्या फोटोंची मालिका) घ्या आणि पृष्ठभागाची प्रतिमा त्यातून तुकड्या-तुकड्याने निवडा. सगळे थर एकत्र करून बनवलेली "सर्वत्र फोकस" प्रतिमा पारगत प्रकाशात दिसायला सुंदर असते, पण ती खोलवरचे अडकलेले कणही पृष्ठभागावर आणून ठेवते. मोजणीसाठी ती वापरू नये.

दाट कणांतली घट

इथे थोडे गणित कामाला येते. घनता १० लाख प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर दर १०० चौरस मायक्रॉनला १ ट्रॅक. पारगत प्रकाशात ट्रॅकची सावली ६ मायक्रॉन लांब आणि १ मायक्रॉन रुंद धरली, दिशा कशाही, तर एका ट्रॅकला दुसरा शिवेल असे क्षेत्र सुमारे ३५ चौरस मायक्रॉन निघते. प्रत्येक ट्रॅकला सरासरी एक-तृतीयांश शेजारी चिकटलेला. परावर्तित प्रकाशात तोंडे २ बाय अर्धा मायक्रॉन आणि सगळी समांतर, म्हणून तेच क्षेत्र फक्त ४ चौरस मायक्रॉन येते, चिकटण्याचे प्रमाण ४ टक्के. म्हणून मोजणीचा आधार तोंड असला पाहिजे, शेपूट फक्त साक्षीला. शेपटांवर वॉटरशेड (चिकटलेले आकार तोडणारी प्रक्रिया) चालवून ती सोडवण्याचा प्रयत्न मला पटत नाही, कारण वॉटरशेड एका लांब ट्रॅकचे सहज दोन करते. घनता १ कोटीच्या जवळ गेली की तोंडांचेही प्रमाण ४० टक्क्यांवर जाते. अशा कणांत स्वयंचलित आकडा फक्त सुरुवात समजावा आणि प्रत्येक खूण डोळ्यांनी तपासावी.

एचिंग बदलले की सगळेच बदलते

५.५ मोलर नायट्रिक आम्ल, २१ अंश सेल्सियस, २० सेकंद. बऱ्याच प्रयोगशाळा हेच वापरतात. यातला २१ अंशाचा आकडा आपल्याकडे सहज दुर्लक्षिला जातो. एप्रिल-मेमध्ये फडताळातली आम्लाची बाटली ३० अंशांच्या वर असते आणि खोलीचा एसी अर्ध्या तासात तिला थंड करत नाही. आम्ल गरम असले की तोंडे मोठी होतात, जास्त चिकटतात, आकाराची चाळणी चुकते. आम्ल पाण्याच्या नियंत्रित तापमानाच्या बाथमध्ये ठेवा, थर्मामीटर आम्लाचे तापमान मोजू दे. हातमोजे, गॉगल आणि फ्यूम हूडशिवाय हे काम करायचे नाही.

प्रत्येक बॅचमध्ये दुरांगोचा एक तुकडा एच करा आणि त्याचा डी-पार, म्हणजे क-अक्षाच्या दिशेने तोंडाची लांबी, नोंदवा. तुमच्याच आधीच्या बॅचेसपेक्षा तो सरकला असेल तर त्या बॅचसाठी थ्रेशोल्ड बदलू नका, एचिंगचे कारण शोधा. तोंडांच्या आकारावर लावलेली प्रत्येक मर्यादा मुळात डी-पारवर अवलंबून आहे.

क्षेत्रफळ

चढ एकसारखा चुकत असेल तर स्टेज मायक्रोमीटरने पिक्सेलचा आकार पुन्हा काढा, कॅमेऱ्याचे बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणे) बदललेले नाही ना ते पाहा. लांबीतली २ टक्क्यांची चूक क्षेत्रफळात ४ टक्के होते. चौकटीच्या कडेवरच्या ट्रॅकचा नियमही एकच हवा: तोंड आत असेल तर धरा, आणि कडेवर पडलेल्यांपैकी फक्त वरच्या आणि डाव्या बाजूचे.

शिकवलेली मॉडेल

गेंट विद्यापीठातून २०२१मध्ये आलेल्या एआय-ट्रॅक-टिव्हसारखी न्यूरल नेटवर्कवर चालणारी साधने थ्रेशोल्डचा प्रश्न बराच हलका करतात. पण वरचा आलेख त्यांनाही लागू आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या प्रतिमांवर शिकलेले मॉडेल तुमच्या प्रकाशात आणि तुमच्या डी-पारवर कमी-जास्त करणारच. स्वतः शिकवत असाल तर शिकवणीत विरळ, मध्यम आणि दाट तिन्ही कण द्या, आणि एकही ट्रॅक नसलेल्या ओरखडेवाल्या प्रतिमाही द्या. परीक्षेच्या प्रतिमा वेगळ्या नमुन्यातल्या, वेगळ्या बॅचमधल्या हव्यात. एकाच कणाचे तुकडे शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे गेले की गुण छान येतात आणि काम तसेच राहते. मॉडेल बदलले, आवृत्ती बदलली, खात्रीची मर्यादा बदलली, की झीटा पुन्हा काढायचा.

ट्रॅकची लांबी मोजताना एक गोष्ट मात्र विसरू नका: कोरड्या ऑब्जेक्टिव्हखाली स्टेज जेवढी हलली तेवढीच खोली नसते. तिला खनिजाच्या अपवर्तनांकाने गुणावे लागते, नाहीतर कललेले ट्रॅक आखूड भरतात.

एवढे करूनही रेषा सरळ होत नसेल आणि दुसऱ्या प्रयोगशाळेचा सल्ला घ्यायचा असेल, तर फक्त आकड्यांचा तक्ता पाठवू नका. एचिंगआधीचा आणि नंतरचा परावर्तित फोटो, पारगत प्रकाशाचा फोटो, चौकटीची जागा, पिक्सेलचा आकार, आम्लाचे तापमान, दुरांगोचा डी-पार, आणि सॉफ्टवेअरने जिथे-जिथे खूण केली त्या ठिकाणांची यादी पाठवा. समोरच्याला तुमचेच कण स्वतःच्या डोळ्यांनी मोजता आले पाहिजेत.